हातचे पाणी : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील शुद्धीचा विचार

'स्मृतिचित्रे' शिकवताना पहिल्या काही पानांतच वर्ग हसतो. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाई टिळकांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या मनात सोवळ्याने घर केले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, असा दंडक पडला. मीठ-साखरही त्यातून सुटली नाही. नंदुरबारच्या आमच्या वर्गात हा भाग वाचला, की 'सर, मीठ धुतल्यावर उरणार काय?' असे कोणीतरी विचारतेच. एका वर्षी मात्र नवापूरकडच्या, मावची ख्रिस्ती घरातल्या एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर वेगळाच प्रश्न विचारला. 'टिळकांना सोडायला सोवळे होते. आमच्या पणजोबांकडे सोवळे नव्हतेच. मग बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्यांचे काय धुतले गेले?'

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा आपण बहुधा धर्मांतर, राष्ट्रीयत्व आणि काव्य या तीन अंगांनी करतो. पाण्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक पाणी आणि शुद्धी यांचा विचार बायबलच्या गाभ्याशी आहे, आणि महाराष्ट्रात तर कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावरच समाजाची सारी उतरंड उभी होती. हे दोन विचार समोरासमोर आले तेव्हा काय घडले, याचा मागोवा येथे घ्यायचा आहे.

जुन्या करारात शुद्धीचे नियम तपशीलवार आहेत. लेवीय पुस्तकात स्पर्श, रोग, प्रेत यांमुळे येणारी अशुद्धता आणि ती घालवणारे स्नान यांची मांडणी आपल्या धर्मशास्त्राच्या वाचकाला ओळखीची वाटेल. पण त्याच ग्रंथात संदेष्ट्यांचा आवाजही आहे. आपण स्वतःला धुवा असे यशया सांगतो, आणि लगेच त्याचा अर्थ लावतो : वाईट कृत्ये थांबवा, पीडितांना न्याय द्या. अरामी सेनापती नामान याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगितले जाते, तेव्हा आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत, असे म्हणून तो रागावतो. आपल्या तीर्थाचा अभिमान आणि दुसऱ्याच्या पाण्याविषयीची तुच्छता या गोष्टी त्याही काळी होत्या.

नव्या करारात ही विचारसरणी आणखी पुढे जाते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात हात न धुता जेवण्यावरून वाद होतो. तेथे पेले आणि घागरी धुण्याच्या रूढीसाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आला आहे, त्याची धातू 'बाप्तिस्मा' या शब्दाचीच आहे. म्हणजे भांडे विसळणे आणि माणसाचा नवा जन्म या दोन्ही गोष्टी एकाच शब्दकुळात नांदत होत्या. येशूचे उत्तर असे, की माणसाला विटाळ होतो तो बाहेरून आत जाणाऱ्या गोष्टीने नव्हे, तर आतून बाहेर येणाऱ्या गोष्टीने. योहानाच्या चौथ्या अध्यायात तो शोमरोनी बाईकडे विहिरीवर पाणी मागतो. यहुदी माणूस आपल्या हातचे पाणी कसे मागतो, याचेच तिला नवल वाटते. 'जिवंत पाण्या'चा उपदेश पुढे येतो. त्याआधी तहानलेल्या माणसाने ओलांडलेली रेषा येते. तेराव्या अध्यायात तर गुरूच कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. आणि पाण्याचा उलटा उपयोगही ग्रंथाला ठाऊक आहे. निरपराध माणसाला मरणाकडे पाठवताना पिलाताने धुतलेले हात काही स्वच्छ झाले नाहीत.

या कल्पना मराठीत आल्या त्या शब्दांच्या वादासह. सेरामपूरच्या विल्यम कॅरी यांच्या मंडळीने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. ही मंडळी बॅप्टिस्ट होती. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात पूर्ण बुडवणे, असा त्यांचा आग्रह. 'बुडवणे' असे भाषांतर करावे की ग्रीक शब्द तसाच ठेवावा, यावरून १८३० च्या दशकात बंगाली भाषांतराच्या निमित्ताने बॅप्टिस्ट आणि बायबल सोसायटी यांच्यात फूट पडली. मराठी प्रॉटेस्टंटांत 'बाप्तिस्मा' हा मूळ शब्दच टिकला. वसईच्या कॅथलिक मराठीत मात्र 'स्नानसंस्कार' असे म्हणतात. 'स्नान' म्हटले की मराठी कानाला पर्वणी, तीर्थ, सुतक हे सारे ऐकू येते. 'बाप्तिस्मा' म्हटले की काहीच ऐकू येत नाही, अर्थ नव्याने भरावा लागतो. पहिल्यात आपलेपणा आहे आणि जुन्या अर्थाची ओढही. दुसऱ्यात परकेपणा आहे आणि मोकळीकही.

ही ओढ पंडिता रमाबाईंइतकी कोणी भोगली नसेल. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत हिंडले. पवित्र नद्यांची स्नाने, दाने, पारायणे यांत सर्वस्व संपले, आणि दुष्काळात उपासमारीची पाळी आली तेव्हा वृद्ध वडिलांनी जलसमाधीचा विचार केला, असे रमाबाईंनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. १८७४ मध्ये आईवडील गेले. या अनुभवाचा विसर पडून रमाबाईंचा बाप्तिस्मा समजणार नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ज्या पाण्यात पुण्य शोधताना घर बुडाले त्या पाण्याचा हिशेबच त्यांनी मिटवला होता. तरीही त्यांनी कोणाचा विटाळ बळजबरीने मोडला नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, तेव्हा तेथील विधवांना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. शुद्धतेची कल्पना हुकमाने बदलत नाही, हे त्यांना कळत होते. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी थोडेच दिवस ते पूर्ण झाले आणि १९२४ मध्ये छापले गेले.

लक्ष्मीबाईंची वाट याहून घरगुती, आणि म्हणूनच अधिक बोलकी आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या टिळकांना तीर्थस्नानाने अंतरंग बदलत नाही हा विचार नवा नव्हता. तो त्यांना अभंगांतच भेटला होता. लक्ष्मीबाई मात्र त्या वेळी ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही काळ त्या पंढरपूरला आप्तांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या त्याही आपले सोवळे सांभाळूनच. त्यांच्यातला बदल धर्मतत्त्वापासून सुरू झाला नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न मनाशी घोळवत त्या एका निर्णयावर आल्या, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तयारी झाली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आधी पिण्याचे पाणी बदलले, मग स्नानाचे. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीच्या बाबतीत हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. शोमरोनच्या विहिरीवरही क्रम हाच आहे.

स्नानाची कसोटी पिण्याच्या पाण्यात लागते, हे ख्रिस्ती मंडळींबाहेरच्या महाराष्ट्रालाही कळले होते. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते कोणत्याही पुण्यस्नानासाठी नव्हे. ओंजळभर पाणी पिण्यासाठी. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळ्यात पंचगव्य ओतून पाण्याची 'शुद्धी' केली. माणसाने प्यायलेले पाणी शेणाने शुद्ध होते, या एका कृतीत सोवळ्याचा सारा तर्क उघडा पडतो. तळ्यावरील हक्क मुंबई उच्च न्यायालयात मान्य व्हायला १९३७ साल उजाडले. आणि चर्चनेही येथे स्वतःची पाठ थोपटू नये. गोव्यातल्या कॅथलिकांत जातवार कोंफ्रारिया विसाव्या शतकातही टिकून होत्या. डोक्यावर एकच पाणी पडले, तरी वेदीजवळचे मान वेगवेगळे राहिले.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. आज ज्याला नंदुरबार जिल्हा म्हणतात (तो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला), त्या पश्चिम खानदेशात भिल्ल, मावची, पावरा, कोकणी या समाजांकडे सोवळे नव्हते. पण त्यांना मळके, गलिच्छ म्हणणारे मात्र भोवती पुष्कळ होते. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरात आणि खानदेशाच्या आदिवासी पट्ट्यात 'देवी'ची चळवळ पसरली. अंगात आलेल्या देवीच्या आज्ञा अशा होत्या : दारू-मांस सोडा, रोज स्नान करा, दारूवाल्या पारशांचे काम करू नका. डेव्हिड हार्डिमन यांनी 'द कमिंग ऑफ द देवी' (१९८७) या ग्रंथात या चळवळीचा शोध घेतला आहे. वरच्यांचे आचार उचलणे म्हणजे केवळ त्यांची नक्कल नव्हे. त्या आचारांतली सत्ता आपल्या हाती घेण्याची ती धडपड होती, असे त्यांचे प्रतिपादन. पुढे १९३० च्या दशकात तळोदे तालुक्यात संत गुलाम महाराजांनी दारूबंदी आणि स्वच्छतेचा उपदेश केला. त्यांचे अनुयायी एकमेकांना 'आप' म्हणत. ज्यांना सारे जग 'अरे' म्हणत होते, ती माणसे अंघोळ करून आली आणि एकमेकांना 'आप' म्हणू लागली.

याच भागात, याच दशकांत, नवापूर-चिंचपाड्याकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक बाप्तिस्मा देत होते. शेजारशेजारच्या पाड्यांवर तीन प्रकारचे पाणी होते : देवीचे, महाराजांचे आणि मिशनचे. ते घेणाऱ्यांच्या मनात हे तिन्ही अर्थ वेगळे राहिले असतील असे मला वाटत नाही. त्यांत मान मिळवण्याची इच्छा समान होती. धोकाही समान होता. 'शुद्ध व्हा' म्हणताना 'तुम्ही अशुद्ध होता' हे न बोलता कबूल करून घेतले जाते. 'शुद्धी' हा शब्द मग परत धर्मात घेण्याच्या विधीसाठीही वापरला जातो, आणि प्रत्येक पक्ष त्याच माणसाला पुन्हा नदीवर नेतो.

मी त्या विद्यार्थ्याला योहानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाचायला सांगितला. पेत्र पाय धुवून घ्यायला तयार होत नाही. मग तयार होतो तेव्हा हात आणि डोकेही धुवा म्हणतो. त्याला उत्तर मिळते, की ज्याचे स्नान झाले आहे त्याला पाय धुण्यापलीकडे गरज नाही. शेवटी आज्ञा येते ती 'धुतलेले राहा' अशी नव्हे, तर तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा अशी. तेथे वाकतो तो गुरू. धुणाऱ्याला खाली बसावे लागते, ही त्या प्रसंगातली मुख्य गोष्ट आहे. पणजोबांचे काय धुतले गेले हे त्यांना पाणी देणारा उभा होता की वाकला होता, यावर ठरेल, असे मी त्याला म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'सर, मग हा प्रश्न पणजोबांना नाही, पाणी देणाऱ्याला विचारायला हवा.' त्या वर्षापासून 'स्मृतिचित्रे'च्या तासाला मी हाच प्रश्न फळ्यावर लिहितो.