दंतोपचारात आभासी वास्तवाचा वापर

दात कोरणे, दात काढणे किंवा हिरड्यांखालचे कीटण खरवडणे चालू असताना रुग्णाच्या डोळ्यांवर दृश्यसंच, म्हणजे हेडसेट, चढवून त्याचे मन उपचारापासून दूर नेणारी साहाय्यक पद्धती. संगणकाने उभे केलेले आणि मान वळेल तसे बदलत जाणारे त्रिमित दृश्य म्हणजे आभासी वास्तव. ते डोळे व कान दोन्ही व्यापत असल्याने सुई, प्रखर दिवा, यंत्राची घरघर या भीती जागवणाऱ्या गोष्टी मागे पडतात. वेदनेची तीव्रता तिच्याकडे किती लक्ष जाते यावरही ठरते आणि माणसाची अवधानशक्ती मर्यादित असते, हा या पद्धतीचा पाया होय.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांच्या असह्य वेदनांवर हे तंत्र प्रथम वापरले. त्यांच्याच गटाने २००१ मध्ये हिरड्यांचा विकार असलेल्या दोघांवर ते आजमावले, तेव्हा चित्रपट पाहताना झालेल्या वेदनेपेक्षा आभासी वास्तवातील वेदना दोघांनीही बरीच कमी सांगितली; दोघांच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नसला, तरी पुढील संशोधनाला त्यातून दिशा मिळाली. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील दंतचिकित्सालयात ७० रुग्णांवर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. त्यात समुद्रकिनाऱ्यावर आभासी फेरफटका मारणाऱ्यांना नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी वेदना झाल्या, परंतु आभासी शहरात फिरणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. तेव्हा केवळ लक्ष वळवणे पुरेसे नसून रुग्णाला काय दाखवले जाते यालाही मोल आहे, आणि संच विकत घेताना नेमका हाच विचार मागे राहण्याची भीती असते.

दंतवैद्याकडे जाणेच टाळणाऱ्या रुग्णांसाठी याच साधनाचा उलट वापर होतो: आभासी दवाखाना, खुर्ची, सुई यांना त्यांना टप्प्याटप्प्याने सामोरे नेऊन भीतीची धार कमी केली जाते. भीतीचे मापन बहुधा नॉर्मन कोरा यांच्या १९६९ मधील प्रश्नावलीच्या सुधारित रूपाने करतात; तीत पाच प्रश्न असून १९ किंवा अधिक गुण तीव्र भीती दर्शवतात.

काहींना दृश्य हलताना मळमळते, अपस्मार किंवा चक्कर येण्याचा विकार असल्यास विशेष सावधगिरी लागते, अवजड संच वरच्या पुढील दातांवर काम करताना आड येतो आणि प्रत्येक रुग्णानंतर तो निर्जंतुक करावा लागतो. रुग्णाचे डोळे झाकलेले असल्याने त्याचा त्रास दंतवैद्याला चेहऱ्यावरून पुरता ओळखता येत नाही; म्हणून हात वर करताच काम थांबेल असे आधी ठरवणे अत्यावश्यक असते. बधिरीकरणाच्या इंजेक्शनला ही पद्धती पर्याय नाही.