चाचणीला न बोलावलेला प्रतिस्पर्धी : माउस आणि ट्रॅकबॉल

संगणकासाठी माउस घ्यावा की ट्रॅकबॉल, हा प्रश्न आज फारसा कुणाला पडत नाही. दुकानात माउस समोरच मांडलेले असतात, ट्रॅकबॉल मात्र बहुधा मागवावा लागतो. त्यामुळे ट्रॅकबॉल ही माउसनंतर निघालेली, हौशी मंडळींची वस्तू असावी असा समज होतो. प्रत्यक्षात ट्रॅकबॉल वयाने मोठा आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटिश नौदलात राल्फ बेंजामिन हे तरुण अभियंते रडारवरील विमानांचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेवर काम करीत होते. पडद्यावरील खूण हव्या त्या ठिपक्यावर नेण्यासाठी तोवर जॉयस्टिक वापरली जाई. १९४६ मध्ये बेंजामिन यांनी तिच्याऐवजी रबर चढवलेल्या दोन चाकांवर टेकलेला धातूचा गोळा योजला. गोळा कोणत्याही दिशेने फिरवला तरी त्याच्या गतीचे दोन लंबरूप घटक या चाकांवर वेगवेगळे उमटत. सदिशाचे विघटन पाठ्यपुस्तकात असते तेच, फक्त हाताच्या तळव्याखाली घडणारे! पुढे कॅनडाच्या नौदलासाठी ‘डेटार’ प्रकल्पात टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केन्यन टेलर यांनी चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला. दोन्ही कामे लष्करी गोपनीयतेच्या पडद्याआड राहिली.

युद्धकाळात फिलिपिन्समध्ये रडार तंत्रज्ञ म्हणून काम केलेले डग्लस एंगेलबार्ट १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एका वेगळ्याच प्रश्नाशी झुंजत होते : पडद्यावरील मजकुरातला नेमका शब्द सर्वांत लवकर कशाने निवडता येईल? त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये लाकडी माउस घडवला. त्याच्या तळाशी गोळा नव्हता, एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक चाक फिरताना दुसऱ्याला घसरावे लागे, म्हणजे घर्षण हवेही असे आणि नकोही.

त्यानंतर या गटाने जे केले, तेच या इतिहासातले सर्वांत मोलाचे पाऊल होय. माउस, जॉयस्टिक, प्रकाशलेखणी, ग्राफाकॉन आणि टेबलाखालून गुडघ्याने चालवायची तरफ यांची त्यांनी रीतसर चाचणी घेतली. नवशिक्यांच्या हाती प्रकाशलेखणी आणि गुडघ्याची तरफ अधिक वेगवान ठरली, सरावलेल्यांच्या हाती मात्र माउस सरस ठरला. १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या यादीत ट्रॅकबॉल नव्हता.

१९७८ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि बेट्टी बर यांनी माउसची तुलना जॉयस्टिक व कळांशी केली. लक्ष्यापर्यंतचे अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमनुसार वेळ वाढतो, हा फिट्सचा १९५४ चा नियम माउसला चपखल लागू पडला. माउसचा वेग तर नुसत्या हाताच्या वेगाच्या जवळ पोचत होता. निष्कर्ष भक्कम होता, पण ट्रॅकबॉल याही चाचणीत नव्हता. माउस सर्वांत उत्तम, हे विधान तपासलेल्या उपकरणांपुरतेच खरे असते. ही मर्यादा मूळ निबंधांत स्पष्ट दिसते, जाहिरातींत कधीच दिसत नाही.

दरम्यान, १९६८ मध्ये टेलिफुंकन या जर्मन कंपनीत रायनर मालेब्राइन यांनी हवाई वाहतूक नियंत्रणासाठीचा ट्रॅकबॉल उलटा करून टेबलावर फिरवला आणि गोळ्याचा माउस जन्मला. पुढे घरोघरी पोचलेला, ज्याच्या रुळांवरचा मळ नखाने खरवडावा लागे, तो माउस रचनेने उलटा ट्रॅकबॉलच होता.

१९९१ मध्ये मॅकेन्झी, सेलेन आणि बक्स्टन यांनी माउस, लेखणीची पाटी आणि ट्रॅकबॉल यांना एकत्र चाचणीला बसवले. ट्रॅकबॉल तिसरा आला. विशेषतः एखादी वस्तू धरून ओढताना त्यात चुका फार झाल्या, कारण बटण दाबून धरणारा अंगठा आणि गोळा फिरवणारी बोटे एकाच हाताची असल्याने एकमेकांच्या आड येतात.

ओढण्याचे काम कमी आणि जागा तोकडी असेल, तर मात्र पारडे फिरते. म्हणूनच सोनोग्राफीच्या यंत्रावर डॉक्टरांच्या एका हातात प्रोब असतो, तर दुसरा हात पटलावर पक्क्या बसवलेल्या गोळ्यावर फिरत असतो. तिथे माउस ठेवायला सपाट जागा नसते.