पाराबोलिकाच्या कुंपणाशी

फोन घरीच ठेवा. शर्टाची कॉलर जरा रुंद असू द्या, पँट खाली घोळदार. पायांत मात्र चपला नकोत, बूट घाला, कारण आज कुंपणावर चढायचं आहे. आणि खिशात कापसाचे दोन बोळे. ते कशाला, हे तुम्हाला दुपारी कळेल.

झालं? मग आता डोळे उघडा.

मिलानहून सुटलेल्या गाडीच्या दाराशी तुम्ही उभे आहात. उभे म्हणजे काय, अडकलेले. संध्याकाळच्या डोंबिवली फास्टचा सराव असेल तर इथे तुमचं काही बिघडणार नाही. फरक एवढाच की या गर्दीला घामाबरोबर कॉफीचा आणि काळ्या तंबाखूचा वास आहे, आणि तुमच्या बरगडीत रुतलेली वस्तू म्हणजे कुणाचा तरी अख्खा सलामी सॉसेज आहे, कागदात गुंडाळलेला. चौथी सीट मागायची सोय नाही. सगळे मोंझालाच उतरणार आहेत.

5 सप्टेंबर 1971, रविवार. इटालियन ग्रां प्री.

स्टेशनपासून पुढे वाट विचारायची गरज नाही. लोंढा नेईल तिकडे जायचं. एक लांबलचक जुनी भिंत लागते, राजवाड्याच्या उद्यानाची. आत शिरलात की आधी वाटेल आपण चुकून कुठल्या तरी वनविहारात आलो. ओक आणि हॉर्नबीमची उंच झाडं, गवतावर अंथरलेल्या चादरी, डब्यातलं जेवण उघडून बसलेली कुटुंबं, पोरांची फुटबॉलची मारामारी. 1922 साली याच झाडीतून 110 दिवसांत शर्यतीचा ट्रॅक काढला. आपल्याकडे 110 दिवसांत निविदेची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जात नाही, पण ते असो.

झाडांमधून मधूनच एक राखाडी भिंत तिरकी उभी दिसते. ती भिंत नाही, जुना कललेला ट्रॅक आहे. दहा वर्षांपूर्वीपर्यंत ग्रां प्रीच्या गाड्या तिच्यावरून पळत होत्या. आता काँक्रीटच्या फटींतून गवत डोकावतंय आणि तिच्या उतारावर दोन पोरं बसकण मारून घसरताहेत. चड्ड्या फाटणार, आई ओरडणार. ती ओरडतेच आहे, आणि इटालियन येत नसलं तरी तुम्हाला तिचा शब्द न् शब्द कळतोय.

तिकीट काढलंत ना? नसेल तर लाजू नका. झाडीमागे कुंपणाला पडलेल्या भोकासमोर शिस्तीत रांग लागली आहे. तिकीटखिडकीसमोर नव्हती इतकी शिस्त.

जागा मी सुचवतो. मुख्य स्टँडवर जाऊ नका, तिथे टाय लावलेली मंडळी आहेत. पाराबोलिकाच्या बाहेरच्या अंगाला या. हे शेवटचं वळण, उजवीकडे लांब वळत जाणारं. ते संपलं की सरळ रस्ता आणि पुढे शेवटची रेघ. इथून गाड्या वळणात शिरताना, वळताना आणि बाहेर पडून दूर जाताना दिसतात. फक्त ती रेघ तेवढी नीट दिसत नाही. लक्षात ठेवा, पुढे याचा त्रास होणार आहे.

कुंपणाची तार उन्हाने तापली आहे, हात लावलात तर चटका बसेल. मागे जाहिरातीचा भलामोठा फलक आहे आणि त्याच्या माथ्यावर वीसेक पोरं कावळ्यांसारखी ओळीने बसली आहेत. एकाने फलकालाच भोक पाडून त्यातून मुंडकं बाहेर काढलंय. डोक्यावर उन्हासाठी गुलाबी कागदाच्या टोप्या. ती कालची ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’, हे क्रीडादैनिक गुलाबी कागदावरच निघतं. तुमच्या डाव्या हाताला एक आजोबा बसले आहेत. मांडीवर चौकटीची वही, कानामागे पेन्सिल. वहीत प्रत्येक फेरीला कोण पुढे, कोण मागे याचा तक्ता भरायचा, हा त्यांचा दरवर्षीचा नेम असावा, कारण वहीची आधीची पानं गच्च भरलेली आहेत. ते तुमच्याकडे बघतात, तुमचा चेहरा इथला नाही हे ओळखतात आणि टरबुजाची फोड पुढे करतात. घ्या. नाही म्हणू नये.

लाल रंग सगळीकडे आहे. गेल्या वर्षी क्ले रेगाझोनीने फेरारी इथे पहिली आणली होती, त्याची नशा अजून उतरलेली नाही. जगज्जेतेपदाचा निकाल गेल्याच महिन्यात ऑस्ट्रियात लागून गेलाय, जॅकी स्ट्युअर्टने ते खिशात घातलंय. म्हणजे आज जेतेपदाचा हिशेब नाही, नुसती शर्यत आहे. माझ्या मते शर्यत बघावी तर अशीच.

आता कापूस घाला.

झेंडा पडलेला तुम्हाला दिसत नाही, ऐकू येतो. सरळ रस्त्याच्या बाजूने आधी एक घरघर, मग गडगडाट, मग सगळं झाडीत विरून जातं. मधल्या वेळात इकडे कुणी श्वास घेत नाही. मग पायाखालची माती थरथरायला लागते. आवाज नंतर येतो. झाडांच्या बोगद्यातून गाड्यांचा घोळका फुटून बाहेर पडतो आणि पुढे कोण? रेगाझोनी! सुटला मधल्या रांगेतून, आणि पहिल्याच फेरीत लाल गाडी सगळ्यांच्या पुढे. फलकावरचे कावळे पडता पडता वाचतात. आजोबा वहीत पहिलं नाव ठळक लिहितात.

कान सरावले की आवाज वेगळे करता येतात. एमनची निळी ‘मात्रा’ गाडी किंचाळते, त्या बारा नळकांड्यांचा स्वर इतका उंच की दातांना झिणझिण्या येतात. आठ नळकांड्यांच्या इंग्लिश इंजिनांचा सूर घोगरा, खरखरीत, जणू कुणी पत्रा फाडतंय. आणि एक काळी-सोनेरी गाडी जवळजवळ आवाज न करताच जाते. नुसती सूऽऽ अशी शीळ, आणि मागे हवा थरथरताना दिसते, स्टोव्हवर दिसते तशी. विमानासारख्या टर्बाइनवर चालणारी ही लोटस. आत एमर्सन फिट्टिपाल्डी. गेल्या वर्षी याच वळणाच्या तोंडाशी लोटस चालवताना योखेन रिंटचा जीव गेला. त्याची कोर्टकचेरी अजून चालू असल्याने लोटसने इथे स्वतःचं नावही लावलेलं नाही, परक्या नावाने एकच गाडी पाठवली आहे. ती गेली की आजोबा टोपी किंचित उचलतात. रिंटसाठी की टर्बाइनसाठी, मला नाही सांगता येणार.

गाड्या गेल्या की मिनिटभर शांतता. खरं सांगू, या शर्यतीतलं मला सगळ्यात आवडतं ते हे मिनिट. फेरी 5.75 किलोमीटरची, दीड मिनिटाच्या आतच गाड्या परत येतात. तेवढ्यात लोक पावाचा घास घेतात, बाटली फिरवतात, भांडण जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करतात. तुमच्यामागची बाई लेकराला खाली उतरवून पुन्हा खांद्यावर घेते. जळक्या रबराचा, पेट्रोलचा आणि तापलेल्या गवताचा वास हळूहळू खाली बसतो, मॉर्टाडेला आणि लसूण पुन्हा वर येतात. एखादा पक्षीही ओरडतो. आणि मग माती थरथरते, हातातली वाइन थरथरते, सगळे घास तोंडातच राहतात.

पंधरा-सतरा फेऱ्यांत अनर्थ होतो. इक्सची फेरारी येत नाही. स्ट्युअर्टही येत नाही, त्याचं फारसं दुःख कुणाला नाही. मग रेगाझोनीसुद्धा येत नाही. फलकावर स्मशानशांतता. दोन लाल झेंडे गुंडाळले जातात. तुम्हाला वाटेल, आता लोक घरी निघतील.

कुणी हलत नाही. कारण समोर जे चाललंय ते सोडून जाणं शक्यच नाही.

मोंझाला या वर्षी ट्रॅकवर गतिरोधक वळणं नाहीत. पुढच्या वर्षी टाकणार आहेत, पण आज पाय खाली दाबायचा आणि बसायचं. सायकलने जाताना एसटीच्या मागे चिकटलात की पेडल हलकं होतं ना, तसंच इथे. पुढची गाडी हवा फाडते, मागची त्या पोकळीत आयती ओढली जाते, मग बाजूला होऊन पुढे निघते. की लगेच तिच्याच पाठीवर तिसरी. पुढे राहणं म्हणजे इथे तोटाच. आठ वेगवेगळ्या माणसांनी आज कधी ना कधी आघाडी घेतली. रॉनी पीटरसनची लाल मार्च, फ्रांस्वा सेव्हेरची निळी टिरेल, सिफर्ट, एमन, आणि मोटरसायकलचा जगज्जेता माईक हेलवुड, जो सहा वर्षांनी या खेळात परतलाय आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे पळतोय. पत्ते पिसावेत तशा गाड्या प्रत्येक फेरीला वेगळ्या क्रमाने येतात. आजोबांच्या वहीत रेघा एकमेकींना इतक्या छेदताहेत की पान कोळिष्टकासारखं दिसू लागलंय. विसाव्या फेरीला ते पेन्सिलला टोक काढतात, तिसाव्या फेरीला पुन्हा एकदा. चाळिसाव्या फेरीला मला वाटतं ते अंदाजाने लिहिताहेत.

शेवटच्या काही फेऱ्यांत पुढे असलेला एमन शिरस्त्राणाच्या काचेवरची मळकी पापुद्रा-पट्टी ओढायला जातो आणि अख्खी काचच त्याच्या हातात येते. ताशी अडीचशे किलोमीटरचा वारा थेट डोळ्यांत. बिचारा मागे पडत जातो. त्याच्या नशिबाला शिव्या देण्यात आजोबा आणि तुम्ही एकाच भाषेत बोलताय.

या गडबडीत एक पांढरी गाडी घोळक्याला येऊन चिकटल्याचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. 18 नंबरची बीआरएम, अंगावर यार्डलीची जाहिरात. हो, तीच यार्डली, आजीच्या कपाटातल्या पावडरच्या डब्याची. आत पीटर गेथिन. अकराव्या जागेवरून सुटलेला, मधली कितीतरी मिनिटं घोळक्याच्या बराच मागे. या चमूत आल्यापासूनची ही त्याची दुसरीच शर्यत. वडील घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी. नाकाच्या अंतराने जिंकणं त्याच्या घराला नवं नाही.

शेवटची फेरी. पंचावन्नावी. फलकावरचे सगळे उभे राहिलेत, फलक करकरतोय. तुम्हीही तारेवर चढलात, चटका आता जाणवत नाही.

झाडांच्या बोगद्यातून पाच गाड्या एकदम बाहेर पडतात. सेव्हेरचं गणित साधं आहे: या वळणातून दुसरं बाहेर पडायचं आणि रेघेपर्यंत पुढच्याच्या पोकळीत ओढलं जायचं. पण पीटरसन आतल्या बाजूने उशिरा ब्रेक लावत घुसतो. निळंपिवळं शिरस्त्राण एका बाजूला कलतं. दोघेही घसरत बाहेरच्या अंगाला, म्हणजे थेट तुमच्या दिशेने येतात. रबराचे बारीक कण तुमच्या तोंडावर उडतात. आणि मोकळ्या झालेल्या आतल्या कोपऱ्यात, चाकं जाम करून, धूर काढत, ती पांढरी गाडी शिरते. कुणी तिला बोलावलं नव्हतं. सगळ्या ट्रॅकवर हिशेब न मांडलेला हा एकच माणूस असावा.

मग पाठी. चार गाड्यांच्या चार पाठी, पाचवी किंचित मागे, सगळ्या एकमेकींना घासत लहान होत जातात. बीआरएमचं इंजिन सहन होईल त्यापलीकडे ओरडतंय. आणि त्या गोंधळात, अगदी दूर, एक हात वर जातो.

जिंकला म्हणून नाही हं. रेघेवरच्या पंचांना आपणच जिंकलो असं वाटावं, म्हणून वर केलेला हात आहे तो. गेथिननेच ही खोडी नंतर सांगितली.

फरक एका सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे साधारण दोन फूट. पहिल्या पाचांतला पहिला आणि पाचवा यांच्यात 0.61 सेकंद, तेवढ्यात आपली शिंकही पुरी होत नाही. सरासरी वेग ताशी 242 किलोमीटरच्या वर. पुढची तीसहून अधिक वर्षं एवढ्या वेगाची ग्रां प्री झाली नाही. पण हे सगळं तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही परत जाणार आहात. इथे उभ्या असलेल्या हजारोंपैकी कुणालाही काही माहीत नाही. आणखी पन्नास वर्षांनी मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये याच रेघेवर पहिला येणार आहे, तेही इथे कुणाला सांगू नका. वेड्यात काढतील.

कुंपण पडतं. पाडतात म्हणायला हवं. लोक ट्रॅकवर उतरतात, डांबर बुटाच्या तळातून भाजतं, पोरं रबराच्या गोळ्या वेचून खिशात भरतात. लाऊडस्पीकर काहीतरी बोलतोय, खरखर, एक आडनाव, पुन्हा खरखर. एक जण शपथेवर सांगतो पीटरसन. दुसरा सेव्हेरवर पैज लावायला तयार आहे. तिसऱ्याला अजून रेगाझोनीचंच दुःख आहे.

आजोबा जागचे हललेले नाहीत. पंचावन्नाव्या चौकटीवर पेन्सिल धरून ते तुमच्याकडे वळतात.

“की आ विंतो?” कोण जिंकलं?

तुम्ही कानातला कापूस काढता. “गेथिन.”

ते तुमच्याकडे बघतात, मग वहीतल्या कोळिष्टकाकडे, मग पुन्हा तुमच्याकडे. परदेशी माणूस, पहिल्यांदाच आलेला, त्याला काय कळणार. तुमच्या खांद्यावर मायेने थोपटून ते सावकाश, वळणदार अक्षरात पीटरसनचं नाव लिहितात.

लाऊडस्पीकर पुन्हा खरखरतो. या वेळी आडनाव स्वच्छ ऐकू येतं. आजोबा खिशात खोडरबर चाचपू लागतात.