मूल्यप्रेरित अवधान

मूल्यप्रेरित अवधान : एखाद्या रंगाची, आकाराची किंवा आवाजाची पूर्वी बक्षिसाशी सांगड पडली असेल, तर बक्षीस थांबल्यावरही आणि हातातल्या कामाशी त्याचा संबंध नसतानाही त्याच्याकडे लक्ष वेधले जाण्याची प्रवृत्ती. बोधनिक मानसशास्त्र आणि चेताविज्ञान या दोन्ही शाखांत तिचा अभ्यास होतो.

पार्श्वभूमी : अवधानाचे दोन प्रकार मानण्याची प्रथा जुनी आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये ऐच्छिक आणि अनैच्छिक अवधान असा भेद केला. मराठीत हाच भेद दोन क्रियापदे दाखवतात : आपण अभ्यासाकडे लक्ष ‘देतो’ आणि फटाका वाजला की तिकडे लक्ष ‘जाते’. पहिल्यात हेतू कारणीभूत असतो, दुसऱ्यात उद्दीपकाचा ठळकपणा. बक्षिसाशी जोडलेली फिकट, साधी खूण मात्र या दोहोंत बसत नाही. ती ठळक नसते आणि तिच्याकडे पाहण्याचा हेतूही नसतो. म्हणून एडवर्ड ऑ, आर्टेम बेलोपोल्स्की व यान तेवेस यांनी २०१२ मध्ये ‘निवडीचा पूर्वेतिहास’ हा तिसरा घटक मांडला.

मूळ प्रयोग : ब्रायन अँडरसन, पॅट्रिक लॉरेंट आणि स्टीव्हन यांटिस यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावर वेगवेगळ्या रंगांची सहा वर्तुळे दिसत. त्यांतले लाल किंवा हिरवे वर्तुळ शोधायचे आणि त्याच्या आतली रेघ उभी आहे की आडवी, ते बटण दाबून सांगायचे, एवढेच काम होते. एका रंगासाठी अचूक उत्तराला बहुतेक वेळा पाच सेंट मिळत, दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा एकच. शेकडो फेऱ्यांनंतर पैसे बंद झाले आणि कामही बदलले. आता रंगाकडे दुर्लक्ष करून वेगळ्या आकाराची आकृती शोधायची होती, उदाहरणार्थ, वर्तुळांतला एकटा चौकट-आकार. लाल किंवा हिरवी आकृती कधीच योग्य उत्तर नसे. तरीही बाकीच्या आकृत्यांत जास्त पैशांचा जुना रंग आला, की उत्तर काही मिलिसेकंदांनी लांबे. अँडरसन आणि यांटिस यांच्या २०१३ मधील पाहणीत हा परिणाम अनेक महिन्यांनंतरही टिकून असल्याचे आढळले.

ऑस्ट्रेलियात माइक ल पेली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याहून कठोर कसोटी लावली. तिथे मोठ्या बक्षिसाची वर्दी देणाऱ्या रंगाकडे नजर गेली, तर तेच बक्षीस रद्द होई. म्हणजे न पाहण्यातच फायदा होता. तरीसुद्धा छोट्या बक्षिसाच्या रंगापेक्षा त्याच रंगाकडे डोळे अधिक वेळा वळले.

मेंदूतील यंत्रणा : वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांमधील डोपामीन स्रवणाऱ्या चेतापेशींची नोंद घेतली. अनपेक्षित रस मिळाला की या पेशी उद्दीपित होत. रसाआधी ठराविक खूण येते हे माकड शिकले, की उद्दीपन रसाऐवजी त्या खुणेपाशी होई. अपेक्षित रस मिळालाच नाही, तर पेशींची क्रिया मंदावे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष लाभ यांतल्या या फरकाला ‘अपेक्षा-त्रुटी’ म्हणतात. बक्षिसाचे मोल खुणेकडे कसे सरकते, हे त्यातून कळते. जुन्या, मुरलेल्या मोलाची नोंद ठेवण्यात पुच्छाकृती केंद्रकाच्या शेपटाकडील भागाचा वाटा असल्याचे पुढील संशोधनात दिसले.

बोधनिक नियंत्रण : विचलनाला आवर घालून हेतूला धरून राहण्याच्या क्षमतेला बोधनिक नियंत्रण म्हणतात. ती मोजण्याची प्रसिद्ध कसोटी जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये वर्णिली. ‘हिरवा’ हा शब्द लाल शाईत छापलेला असतो आणि वाचकाने शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. रूथ क्रेब्स व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या कसोटीतल्या काही शाईंना बक्षीस जोडले. त्या शाईंचे रंग लोकांनी अधिक झटपट ओळखले. पण बक्षीस असलेल्या रंगाचे नाव जेव्हा दुर्लक्ष करायच्या शब्दात आले, तेव्हा अडथळा वाढला. एकच बक्षीस कामाच्या बाजूने आले तर नियंत्रणाला बळ देते, विचलनाच्या बाजूने आले तर तेच नियंत्रण पोखरते.

नियंत्रणाला श्रम पडतात. अमिताई शेन्हाव, मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांच्या २०१३ मधील उपपत्तीनुसार, अपेक्षित लाभातून हा खर्च वजा करून किती जोर लावायचा ते मेंदू ठरवतो. यात अग्र कटिबंधीय बाह्यकाचा पृष्ठीय भाग महत्त्वाचा मानला जातो.

मर्यादा : बक्षीस जितके मोठे तितकी एकाग्रता जास्त, असे मात्र नाही. डॅन एरियली, उरी नीझी, जॉर्ज लोवेनस्टीन आणि नीना मझार यांनी तमिळनाडूतील ग्रामीण भागात लोकांना स्मरण, सर्जनशीलता आणि हस्तकौशल्याचे सहा खेळ दिले. प्रत्येक खेळाचे कमाल बक्षीस एका गटाला ४, दुसऱ्याला ४० आणि तिसऱ्याला ४०० रुपये होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४०० रुपयांचा गट सर्वांत मागे पडला. याचे एक स्पष्टीकरण असे, की पैशांचा विचारच कामासाठी लागणारे लक्ष अडवून बसतो. दुसरा वाद मूळ प्रयोगाबद्दल आहे. लाल-हिरवे पुन्हापुन्हा शोधण्याच्या नुसत्या सरावानेही त्या रंगांकडे ओढ निर्माण होऊ शकते. त्यामुळे परिणामातला बक्षिसाचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते.

महत्त्व : व्यसनमुक्तीच्या उपचारांत ही संकल्पना उपयोगी ठरते. व्यसन सोडलेल्या माणसाची नजर बाटलीकडे किंवा सिगारेटच्या पाकिटाकडे वळली, म्हणजे त्याचा निश्चय डळमळला असे होत नाही. प्रयोगात पैसे थांबल्यावरही जुना रंग नजर खेचतच होता. बक्षिसासाठी ज्या खुणेकडे आधी लक्ष दिले जाते, तिच्याकडे पुढे ते आपसूक जाते. म्हणून निर्धाराइतकेच महत्त्व अशा खुणा समोरून दूर ठेवण्यालाही आहे.