उष्णजलाचे नळ आणि जुन्या घरांची कुरकुर

इंग्लंडातील किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागातील शंभर वर्षांपूर्वीच्या घरात हिवाळ्याच्या आरंभी बॉयलर प्रथम पेटविला जातो, तेव्हा भिंतीलगतच्या ओतीव लोखंडी रेडिएटरांत खळखळ सुरू होते, तक्तपोशीखालून टकटक ऐकू येते आणि तळघरातून मधूनच एखादा दडदडाट उठतो. यंत्र जुने झाले, सबब ते बदलावे, असा सल्ला बहुधा तत्काळ मिळतो. परंतु या व्यवस्थेचा पूर्वेतिहास ज्याने थोडाबहुत चाळला आहे, त्याच्या ध्यानात येते की, हे आवाज केवळ जीर्णतेचे नसून, एका पिढीने केलेल्या बंदोबस्तावर पुढच्या पिढीने जे फेरफार लादले, त्यांचे ते पर्यवसान आहे.

नळांतून ऊन पाणी फिरवून वास्तू उबदार राखण्याची कल्पना आरंभी मनुष्यासाठी नव्हतीच. मार्टेन ट्रीवाल्ड नामक स्वीडिश अभियंत्याने १७१६च्या सुमारास न्यूकॅसल येथे ती एका वनस्पतिगृहासाठी योजिली आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात बॉनमाँ या फ्रेंच गृहस्थाने कोंबडीची अंडी उबविण्यासाठी तिचा उपयोग केला. रोपे आणि पिले यांच्यानंतर धनिकांच्या प्रासादांची पाळी आली. लंडनमध्ये स्थायिक झालेला अमेरिकन यंत्रज्ञ एंजियर मार्च पर्किन्स याने १८३१ साली जाड घडीव लोखंडाच्या अरुंद, सर्वस्वी बंद नळ्यांतून अतिशय तप्त पाणी फिरविण्याचे पेटंट घेतले. पुढे १८५५च्या सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथे फ्रांझ सान गाली याने ओतीव लोखंडाचा रेडिएटर सिद्ध केला, आणि १८९२ साली अनेक कारखाने एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी स्थापन झाल्यावर ही वस्तू मध्यमवर्गीयांच्या घरांतही प्रविष्ट झाली.

त्या काळच्या सामान्य घरांत पंप नव्हता. पाणी फिरे ते केवळ तापमानातील भेदामुळे. ८० अंश सेल्सिअसला एक लिटर पाणी सुमारे ९७२ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना ९८३ ग्रॅम. हा ११ ग्रॅमांचा फरक पाच मीटर उंचीच्या दोन उभ्या नळांत जो दाब निर्माण करतो, तो जेमतेम साडेपाच सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. इतक्या क्षीण बळावर सारे घर तापवावयाचे, म्हणून नळ ऐसपैस व्यासाचे घेत आणि त्यांना हवा वर निसटून जावी असा काटेकोर चढ देत. तापताना शंभर लिटरांमागे सुमारे ३ लिटर पाणी वाढते. त्याची तजवीज म्हणून माळ्यावर एक उघडी टाकी असे, आणि नळांतील बरीचशी हवाही त्याच वाटेने बाहेर पडे. मंद गतीने वाहणाऱ्या त्या पाण्याला आवाज करण्याचे कारणच नव्हते.

या संथ व्यवहारात प्रथम हात घातला तो मार्क हनीवेल याने. १९०६ साली इंडियानातील वाबाश येथे कंपनी स्थापन करून त्याने पाऱ्याच्या साहाय्याने दाब राखणारे एक उपकरण प्रचारात आणले, ज्यायोगे पाणी अधिक तापविता येऊन नळ लहान ठेवता येऊ लागले. पुढील दशकांत विजेचे पंप आले, माळ्यावरची उघडी टाकी जाऊन तळघरात बंद टाकी बसली, आणि हवेची पूर्वापार वहिवाट बंद झाली. बंद व्यवस्थेत दाब पुरेसा नसेल तर वरच्या मजल्यावर हवा साचते. म्हणूनच दुमजली घरासाठी पाणी थंड असताना दर चौरस इंचास १२ पौंड दाब ठेवण्याचा प्रघात पडला. गरजेपेक्षा मोठा पंप बसविला तर वेगाचा सळसळाट ऐकू येतो, तो निराळाच.

म्हणून जाणता कारागीर प्रथम हत्यारे न काढता कान देतो. तापताना आणि निवताना तेवढी टकटक होत असेल, तर तो लोखंडाच्या प्रसरणाचा मामला: दहा मीटरांचा नळ साठ अंशांनी तापला की सुमारे ७ मिलिमीटर लांबतो आणि तुळईच्या अरुंद भोकाशी घासतो, भोक रुंदावून नमद्याची पट्टी घातली की तक्रार मिटते. बॉयलरातच किटलीसारखा घोंगाट उठत असेल, तर आतील पत्र्यावर चुन्याचा थर बसून त्याखाली पाणी स्थानिकपणे उकळत आहे, हे समजावे. लंडनसारख्या जड पाण्याच्या प्रदेशात हा दोष नित्याचा आहे. खळखळ मात्र हवेची. तिच्यासाठी पंप थांबवून, खालच्या मजल्यापासून आरंभ करून, प्रत्येक रेडिएटरच्या माथ्याजवळील बारीक खुंटीला चौकोनी भोकाची चावी लावून अर्धा वेढा द्यावा. आधी फुसफुस होते, मग थुंकीसारखे तुषार उडतात, आणि शेवटी पाण्याची अखंड धार आली की खुंटी आवळून टाकावी. ती धार काळी असेल, तर लोखंड आतून झिजत आहे. आणि हवा वारंवार साचत असेल, तर कोठेतरी गळती असून तिच्या भरपाईचे ताजे पाणी प्रत्येक वेळी नवा प्राणवायू आणि नवा चुना आत आणीत आहे, असा संशय घेण्यास पुरेसे कारण आहे.

अशा घरात बिऱ्हाड मांडणाऱ्या मराठी कुटुंबाने नवा बॉयलर घेण्यापूर्वी एवढे अवश्य पाहावे, की नळ कोणत्या काळचे आहेत, पंप कोणत्या काळचा, आणि माळ्यावरची टाकी कोणी, केव्हा काढली. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा एका चावीपुरता आणि एका दुपारपुरताच उरतो.