‘तुम्ही द्याल ते’ : ओमाकासे, आगटी आणि घासावरचा अधिकार

१/
सोलापूर जिल्ह्यात पौषाच्या थंडीत रानात हुरड्याला बोलावलेला पाहुणा काय खायचे ते सांगत नाही. आगटीपाशी बसलेला माणूस कणीस निवडतो, भाजतो, चोळतो आणि ऊन ऊन दाणे पुढे करतो. तोक्योच्या अतिमहागड्या सुशीगृहांतही रीत हीच आहे. तेथे तिला ‘ओमाकासे’ म्हणतात. या दोन रीतींचा आणि दोन्हींच्या मागे उभ्या असलेल्या भुकेचा हा इतिहास. #इतिहास #सोलापूर

२/
जपानी भाषेत ‘माकासेरु’ म्हणजे सोपवणे, हवाली करणे. त्याच क्रियापदापासून आदरार्थी ‘ओ’ लागून ‘ओमाकासे’ हा शब्द बनतो : ‘तुमच्यावर सोपवले’. अशा भोजनगृहात मेनूकार्ड नसते. लाकडी फळीच्या एका बाजूला मोजकी आसने, दुसऱ्या बाजूला आचारी. त्या दिवशी बाजारात कोणता मासा उत्तम होता, कोणता घास आधी द्यायचा आणि कोणता नंतर, हे सारे तोच ठरवतो. घास समोर आला की थांबायचे नसते, लगेच खायचा असतो.

३/
आज हे श्रीमंतांचे भोजन आहे. त्याचा जन्म मात्र रस्त्यावर झाला. सुशीचे जुने रूप म्हणजे भातात दाबून महिनोनमहिने आंबवलेला मासा. १८२० च्या दशकात एदो नगरात, म्हणजे आजच्या तोक्योत, व्हिनेगर लावलेल्या भाताचा हाताने वळलेला गोळा आणि त्यावर माशाचा काप, असा झटपट प्रकार रूढ झाला. हानाया योहेई या विक्रेत्याचे नाव त्याच्याशी जोडले जाते.

४/
एदोची ही सुशी फिरत्या ठेल्यांवर विकली जाई. कारागीर, हमाल, मजूर उभ्याउभ्या दोन-चार घास खात आणि कामाला लागत. घासही आजच्यापेक्षा बरेच मोठे असत. मुंबईच्या कामगाराला वडापाव जसा, तसा एदोच्या कष्टकऱ्याला हा खाऊ होता. समोर काय मांडले आहे ते पाहायचे, बोट दाखवायचे आणि खायचे. निवड गिऱ्हाइकाची होती.

५/
१ सप्टेंबर १९२३ रोजी मोठ्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाले. अनेक सुशी कारागीर आपापल्या प्रांतांत परतले आणि एदोची पद्धत त्यांच्यासोबत गेली. पुढे महायुद्ध आले, पराभव आला आणि अन्नाचा भीषण तुटवडा आला. १९४७ मध्ये सरकारने तातडीचा हुकूम काढून बहुतेक उपाहारगृहांना अन्नविक्री करण्यास मनाई केली. सुशीचा धंदा संपण्याच्या मार्गावर होता.

६/
तोक्योच्या सुशीवाल्यांनी तेव्हा एक तोडगा मिळवला : दुकानाने अन्न विकायचे नाही, घडणावळ घ्यायची. गिऱ्हाइकाने शिध्यातला एक ‘गो’ तांदूळ आणायचा. हे माप सुमारे १८० मिलिलिटरचे. त्या बदल्यात, मजुरी घेऊन, दहा नग सुशी मिळे. गिरणीत दळण न्यावे तसा हा व्यवहार होता. पुढे तो इतर प्रांतांनीही उचलला आणि एदोची सुशी देशभर पसरण्यास त्याचा हातभार लागला. दहा घासांत कोणता मासा असेल, हे त्या दिवसाच्या टंचाईवर अवलंबून असे.

७/
समृद्धी परतल्यावर फळीसमोर बसून हवा तो घास सांगण्याची पद्धत प्रतिष्ठित झाली. तिला ‘ओकोनोमी’ म्हणतात, म्हणजे आवडीप्रमाणे. सर्व काही आचाऱ्यावर सोपवण्याची ओमाकासे रीत नंतर वाढली आणि अखेर तीच मानाची ठरली. म्हणजे माणसाच्या हाती निवड आली, पुरेशी रुजली आणि मग त्याने ती आपण होऊन दुसऱ्याच्या हाती दिली. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

८/
या रीतीचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे तोक्योच्या गिंझा भागातील जिरो ओनो यांचे सुशीगृह. १९६५ मध्ये सुरू झालेले, तळघरातले, अवघ्या दहा आसनांचे. २००७ मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेने त्याला तीन तारे दिले. २०१४ मध्ये पंतप्रधान शिंझो आबे यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांना तेथे जेवायला नेले. २०१९ मध्ये ते मार्गदर्शिकेतून वगळले गेले. कारण सर्वसामान्यांना तेथे जागा नोंदवताच येत नव्हती. ठेल्यावरचा खाऊ दोन शतकांत येथवर पोहोचला.

९/
महाराष्ट्रात उंची जपानी भोजनाची ओळख मुख्यतः मुंबईतून झाली. कुलाब्याच्या ताजमहाल हॉटेलात २००४ मध्ये मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाचे ‘वासाबी’ सुरू झाले. सोलापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर; तेथे कच्च्या माशाची परंपरा असण्याचे कारण नाही. पण ओमाकासेचा गाभा माशात नसून सोपवण्यात आहे. ते सोपवणे सोलापूरच्या काळ्या रानाला जुन्या काळापासून ठाऊक आहे.

१०/
हे रान समजून घेतल्याशिवाय हुरडा समजत नाही. सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. येथील रब्बी ज्वारी, म्हणजेच शाळू, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पावसाळा सरलेला असतो. खोल काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या थंडीवर पीक वाढते. दाणा भरतो, पण वाळलेला नसतो, अशा अवस्थेत तो हुरड्याला येतो. दाण्यातल्या साखरेचे पिष्ट होत जाते, तशी गोडी ओसरते. एका शेताला ही अवस्था थोडेच दिवस लाभते. त्यामुळे कोणते कणीस आज घ्यायचे आणि कोणते राखायचे, हे शेतकऱ्याच्या नजरेवाचून कळत नाही.

११/
आगटी म्हणजे जमिनीतला उथळ खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवून निखारा धरू देतात आणि कणसे त्या आरात खुपसतात. कच्चे राहिले तर दाणा सुटत नाही, जास्त झाले तर करपतो. भाजलेले कणीस ताबडतोब तळहातांत चोळावे लागते. चटके बसतातच. मग कोंडा पाखडून कोवळे हिरवे दाणे पुढे येतात. निवाले की त्यांचा मऊपणा जातो. म्हणून येथेही घास हातातून हातात जातो आणि तत्क्षणी खाल्ला जातो. जिरोंच्या फळीवर आणि मोहोळच्या बांधावर वेळेचा नियम एकच आहे.

१२/
सोबतीचा क्रमही यजमानच राखतो. शेंगदाण्याची सोलापुरी चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, मध्येच बोरे, उसाची कांडी, शेवटी ताक. पाहुण्याने ‘पुरे’ म्हटले तरी आणखी एक मूठ येते. ऋतूही साथीला असतो. याच सुमारास, संक्रांतीला, सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात, आणि शहरात आलेल्या पाहुण्याला गावाकडे हुरड्यासाठी नेले जाते.

१३/
याच भागात वेळ अमावस्या पाळली जाते. लातूर, धाराशिव, सोलापूर आणि लगतचा कर्नाटक हा तिचा मुलूख. मार्गशीर्ष अमावस्येला सारे घर शेतात जाते, कडब्याची कोप उभारते, काळ्या आईची पूजा करते. भज्जी, आंबील, उंडे असा स्वयंपाक सोबत आणलेला असतो आणि वाटसरूलाही हाक मारून जेवायला बसवतात. ताटात काय असेल, हे विचारण्याचा प्रश्नच नसतो. पिकाने आणि घरच्या बायकांनी ते आधीच ठरवलेले असते.

१४/
मात्र या चित्रावर नुसता गुलाल उधळून चालणार नाही. जुन्या गावगाड्यात कोण देतो आणि कोण घेतो, हे जन्माने ठरलेले होते. बलुतेदारांना सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, पण त्याचे माप देणाऱ्याच्या हाती असे. अस्पृश्य ठरवलेल्या जातींना तोच वाटा अंतर राखून, वरून टाकला जाई. कणसे चोळून ज्यांचे तळहात भाजत, ते सगळेच पाहुण्यांच्या पंगतीत बसत नसत. ‘द्याल ते घेऊ’ हे वाक्य एकाच रानात एकाच्या तोंडी स्नेहाचे होते आणि दुसऱ्याच्या तोंडी लाचारीचे.

१५/
दुष्काळात हा फरक उघडा पडे. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाची झळ सोलापूरला तीव्रपणे लागली. सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी मजुराचा शिधा कमी केला : दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि तेवढ्यावर दिवसभराची खडी-माती. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी अशी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली. दुसऱ्याने ठरवलेला घास येथे अपमान होता, आणि भुकेल्या माणसांनीच तो नाकारला.

१६/
या मुलखाच्या स्मरणात याची उलट बाजूही आहे. पंधराव्या शतकातले दामाजीपंत हे बहामनी राज्याचे मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे रयतेसाठी खुली केली, असे परंपरा सांगते. धान्याचे मोल भरायला विठ्ठल स्वतः विठू महाराच्या रूपात बीदरला गेला, ही कथा भक्तीची आहे. पण लोकांनी ती शतकानुशतके का जपली, हे इतिहासालाही कळते. कोठाराची किल्ली कोणाकडे आहे आणि तो ती कधी फिरवतो, हा सोलापूरचा जुनाच प्रश्न होता.

१७/
१९७२ च्या दुष्काळात तो पुन्हा उभा राहिला. हजारो हात खडी फोडायला लागले. कामावर सुकडी वाटली गेली आणि शिधावाटप दुकानांत अमेरिकेहून आलेली तांबडी ‘मिलो’ ज्वारी आली. शाळूच्या पांढऱ्या शुभ्र भाकरीवर वाढलेल्या माणसांना मिलोची लालसर भाकरी गोड लागेना. तिने जीव वाचवले, हे खरे. तरी त्या पिढीतली वृद्ध माणसे आजही तिचे नाव तोंड वाकडे करून घेतात. तोक्योच्या १९४७ च्या रांगेत एक ‘गो’ तांदूळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला हे दुःख समजले असते.

१८/
म्हणूनच बियाण्याचा इतिहास येथे मानाचा इतिहास ठरतो. १९३० च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हे वाण पुढे आले. कोरडवाहू जमीन, कमी पाणी, उत्तम भाकरी आणि जनावरांना कडबा, या साऱ्या कसोट्यांवर ते टिकले आणि दशकानुदशके रब्बी ज्वारीत अग्रभागी राहिले. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले.

१९/
हुरड्याची वाणे मात्र निराळी : सुरती, गूळभेंडी, कुचकुची. दाणा गोड आणि बोंडातून सहज सुटणारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ ही वाणे दिली. जुन्या पद्धतीत शेतकरी शाळूच्या रानात अशा वाणांचे चार तास वेगळे राखी. ते बाजारासाठी नसत. ज्याला घरी बोलवायचे, त्याच्यासाठी ती पेरणी असे.

२०/
१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. भीमेचे पाणी कालव्यांनी फिरले, ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले. मिलो खाल्लेल्या जिल्ह्याने उसाची निवड केली, यात नवल नाही. नगदी पैसा हाही दुष्काळाला दिलेला जबाबच होता. ज्वारी उपटून काढण्याच्या कष्टाला मजूर मिळेनासे झाले, तशी ती आणखी मागे सरली.

२१/
आता हुरडा परत येतो आहे, पण तिकीट लावून. कृषी पर्यटन केंद्रांवर माणशी दर ठरलेला असतो, शहरातली कुटुंबे रविवारी येतात, आगटी पेटते. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. योहेईनेही सुशी विकलीच होती. कणसे चोळणाऱ्या हातांना आता मोल मिळते, आणि पैसे मोजून आलेल्या कोणालाही आगटीपाशी जात विचारली जात नाही. जुन्या बोलावण्यात जो ओलावा होता तो काहीसा उणावला. जुन्या बोलावण्यात जी भिंत होती तीही काहीशी खचली.

२२/
एदोचा ठेला, १९४७ ची घडणावळ, टेंपलचा शिधा, मिलोची भाकरी आणि मोहोळची आगटी एका ओळीत ठेवली की एक गोष्ट दिसते. घास दुसऱ्याने ठरवावा, यात आनंद तेव्हाच असतो, जेव्हा खाणाऱ्याला ‘नको’ म्हणता येते आणि देणाऱ्याला आपल्या रानाची, आपल्या बाजाराची पुरती जाण असते. हे दोन्ही नसेल तर तोच घास शिधा होतो. सोलापूरच्या शेतकऱ्याला दोन्ही चवी माहीत आहेत. म्हणूनच आजही तो आरातून पहिले नीट भाजलेले कणीस काढतो, तेव्हा ते स्वतः खात नाही. आधी समोरच्याच्या हातावर दाणे ठेवतो.