बजबजचं पोतं आणि निफाडची रोपं

आज ज्या गावाबद्दल बोलायचं आहे, त्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत दोन-तीनदाच येतं. बजबज. कोलकात्याच्या दक्षिणेला, हुगळीच्या पूर्व काठावर. 1756 च्या डिसेंबरअखेरीस क्लाइव्हच्या फौजेनं इथला किल्ला घेतला. त्यातही एक दारू प्यायलेला खलाशी एकटाच भिंत चढून आत शिरला होता. 1897 मध्ये विवेकानंद परदेशातून परतले ते इथंच बोटीतून उतरून रेल्वेनं सियालदहला गेले. आणि 29 सप्टेंबर 1914 ला कोमागाता मारू जहाजाच्या प्रवाशांवर इथं गोळीबार झाला. हे सगळं महत्त्वाचंच. पण बजबजमधून निघालेली जी वस्तू आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरात येऊन गेली, तिचं नाव या यादीत नसतं. ती म्हणजे पोतं.

पोत्याचा इतिहास लिहिला गेलाय, नाही असं नाही. पण तो भरल्या पोत्याचा आहे. गिरणीत विणलं, बंदरावर गेलं, धान्य भरलं, संपलं. रिकामं झाल्यावर त्याचं काय होतं? मला त्यातल्या एकाच कामाबद्दल बोलायचं आहे: थंडीत कोवळ्या रोपांवर घालायचं पांघरूण.

आधी शब्द बघा. पोतं, गोणी, गोणपाट, तरट, किंतान, आणि बाजार समितीत गेलात तर बारदान. इतके शब्द ज्या वस्तूला असतात ती नुसती आयात केलेली नसते. इंग्रजीतला ‘गनी’ हा शब्दसुद्धा ‘गोणी’वरूनच गेलाय. बंगालचा ताग इकडे येण्याआधी दख्खनमध्ये अंबाडी आणि आपल्याकडचा सणाचा ताग यांच्या गोण्या होत्याच. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर त्याच लादून धान्य आणि मीठ वाहायचे. तेव्हा गोणी ही काही बंगालनं दिलेली नाही. बंगालनं दिली ती तिची स्वस्ताई.

ही स्वस्ताई आली कुठून? स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात 1830 च्या दशकात देवमाशाचं तेल लावून ताग मऊ करायची युक्ती साधली आणि तो यंत्रावर कातता येऊ लागला. मग 1853 ते 1856 चं क्रायमियाचं युद्ध. रशियाकडून येणारा जवसाचा धागा अडला आणि तागाचं नशीब उघडलं. 1855 मध्ये कोलकात्याजवळ रिश्र्याला जॉर्ज ऑकलंडनं पहिली गिरणी काढली. 1870 च्या दशकात ही लाट बजबजला पोचली. पुढं अँड्र्यू यूल कंपनीच्या व्यवस्थापनाखाली बजबज, चेव्हियट अशा गिरण्या इथं नदीकाठी धडधडू लागल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांसाठी वाळूच्या कोट्यवधी पिशव्या याच हुगळीकाठावरून गेल्या. नवी वस्तू इतकी स्वस्त झाली की जुनी जवळजवळ फुकट होते. आपल्या विषयाची किल्ली इथंच आहे. रोपांवर कुणी नवं कापड घालत नाही. ज्याची किंमत आधीच वसूल झालीय, तेच घालतात.

ही चाल फक्त आपली नाही. इंग्लंडमधले माळी एकोणिसाव्या शतकात रशियाच्या अर्खांगेल्स्क बंदरातून येणाऱ्या, झाडाच्या अंतर्सालीच्या चटया वापरायचे. त्या चटया मालाला गुंडाळायच्या कामाच्याच. माळी त्या थंडीच्या रात्री काचेच्या पेटाऱ्यांवर आणि भिंतीलगतच्या फळझाडांवर टाकायचे. पुढं तेच काम तागाच्या तरटानं केलं. म्हणजे आधी रशियाचं वेष्टण, मग बंगालचं, काम तेच.

आता गंमत अशी की खुद्द बजबजला थंडी बेताची. पारा दहा अंशांखाली जाणं तिथं क्वचितच. थंडीला घाबरणारं तिथलं पीक म्हणाल तर विड्याचं पान. दक्षिण 24 परगण्यात पानाचे ‘बोरोज’ असतात, आपल्या पानमळ्यासारखेच, पण चहूबाजूंनी बंदिस्त. त्यांच्या भिंती आणि छपराला तागाच्या काड्या लावतात. धागा गिरणीला, काडी पानाला. बाकी हिवाळा हा बंगालचा भाजीपाल्याचा आवडता हंगाम. कोबीसारख्या विलायती भाज्या कोलकात्यात रुजवण्याची खटपट झाली, त्यात 1820 ला स्थापन झालेल्या कृषी-उद्यान संस्थेचा वाटा होता. ती संस्था काढणारा विल्यम कॅरी, ज्यानं 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तोच! मराठीच्या विद्यार्थ्यांना कॅरी ठाऊक असतो, पण बागायतीतला कॅरी सहसा नाही.

पोत्याला खरं काम मिळालं ते इकडे, आपल्या उघड्या माळावर. त्याचा प्रवास बघा. बजबजसारख्या ठिकाणी विणलेलं पोतं पंजाबात जातं, तिथं गहू भरला जातो. तो गहू रेल्वेनं मनमाडला येतो, भारतीय अन्न महामंडळाच्या मोठ्या कोठारात. तिथून रेशन दुकान. दुकानात रिकामं झालेलं पोतं विकलं जातं आणि पोचतं निफाड-येवल्याच्या एखाद्या वाफ्यावर. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा पारा थंडीच्या बातम्यांत दर हिवाळ्यात येतो, तो याच पट्ट्यातला. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, त्याही इथंच.

50 किलोचं नवं पोतं जेमतेम 580 ग्रॅमचं. ते थंडी कशी अडवणार? खरं तर ते थंडी अडवत नाहीच, उष्णता राखतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली ऊब आकाशाकडे सोडत राहतात. पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. मध्ये तरट आलं की ती ऊब त्याला अडते आणि थोडी परत खाली येते. म्हणून पोतं रोपाला गुंडाळायचं नसतं. वाफ्यावर काड्यांची कमान करायची, त्यावर ते अंथरायचं आणि कडा जमिनीपर्यंत टेकवायच्या. कारण ऊब येते ती जमिनीतून. संध्याकाळी वाफ्याला हलकं पाणी द्यायचं. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते. सकाळी ऊन आलं की पोती काढायची आणि वाळत टाकायची. दवानं भिजलेलं पोतं दुसऱ्या रात्री निम्म्या कामाचंही राहत नाही. आणि मिठाचं पोतं असेल तर धुतल्याशिवाय रोपांजवळ न्यायचं नाही.

यात पणाला काय लागलेलं असतं? टोमॅटोचं, मिरचीचं आगाप रोप चार रात्री गारठलं की वाढ खुंटते आणि बाजार चुकतो. रावेर-यावलच्या केळीची वाढ 10-12 अंशांच्या आसपास थांबल्यासारखी होते. म्हणून तिथं बागेच्या कडेनं कडब्याचा किंवा तरटाचा आडोसा करतात आणि घडांवर पिशव्या चढवतात. ज्याच्याकडे विम्याचे हप्ते भरायला पैसे नाहीत, त्याचा विमा म्हणजे घराच्या कोपऱ्यातली ही पोत्यांची चवड. त्या चवडीची मोजदाद कुठल्याही सरकारी कागदात झालेली नाही, आणि इतिहासकार म्हणून मला ही उणीव छोटी वाटत नाही.

कारण ती चवड बदलली. फाळणीत तागाची बहुतेक शेतं पलीकडे गेली आणि गिरण्या अलीकडे राहिल्या, तो एक घाव. दुसरा प्लास्टिकचा. खत, सिमेंट, साखर विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यांत जाऊ लागली. 1987 च्या कायद्यानं काही मालाला तागाचं वेष्टण सक्तीचं केलं. अलीकडे अन्नधान्यासाठी शंभर टक्के आणि साखरेसाठी वीस टक्के. बजबजच्या गिरण्यांची धुगधुगी बरीचशी त्या धान्यावर आहे.

प्लास्टिकचं पोतंही शेतकरी रोपांवर टाकतो, का टाकू नये? फुकट आहे. पण ते तागासारखी ओल शोषत नाही. पाणी आतल्या बाजूला साचून रोपावर ठिबकतं, पान त्याला चिकटलं की तिथंच गारठतं, आणि सकाळी काढायला उशीर झाला तर रोप उकडतं. मग बाजारात क्रॉप कव्हर आलं, पांढरं, हलकं, हवा आत-बाहेर जाऊ देणारं. चांगली वस्तू आहे, मी नाकारत नाही. फक्त हवा खेळती ठेवण्याचा जो गुण जुन्या तरटात वरकड म्हणून मिळायचा, तो आता मीटरच्या भावानं विकत घ्यावा लागतो.

फाटलेलं तरट शेणखताच्या खड्ड्यात जातं आणि पावसाळ्यानंतर शोधूनही सापडत नाही. प्लास्टिकच्या पोत्याचे उन्हानं तुटलेले धागे मात्र नांगरटीच्या वेळी फाळाला गुंडाळलेले निघतात.